जोण, पगार आणि खाटल्यावरचा हरी

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशी माणसाला टोमणा मारायला वापरतो. पण गेल्या काही वर्षांत हा हरी खरोखरच खाटल्यापर्यंत येऊ लागला आहे, अशी पुष्कळांची खात्री झाली आहे. फरक एवढाच की आता तो बँकेच्या खात्यातून येतो. गोव्यात २०१२ साली गृह आधार योजना सुरू झाली. आधी महिन्याला १००० रुपये होते, पुढे ते १५०० झाले. म्हाताऱ्या माणसांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून २००० रुपये मिळतात. शेजारी महाराष्ट्रात २०२४ साली लाडकी बहीण आली. आणि आता भजी-पावाच्या गाड्यावर म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, आमच्या कचेरीत म्हणा, एकच वाक्य कानावर पडते : “सरकार फुकट वाटत सुटले, मग लोक काम कशाला करतील?”

हाच प्रश्न जगभर जरा मोठ्या नावाने विचारला जातो. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न. म्हणजे प्रत्येक माणसाला, श्रीमंत असो की गरीब, कामावर जाणारा असो की न जाणारा, दरमहा ठरावीक रक्कम रोख द्यायची आणि अट कसलीच घालायची नाही. आपल्या योजना तशा नाहीत. त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, दाखले आहेत, अर्ज आहेत, अर्जामागे रांगा आहेत. पण भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत या कल्पनेवर एक अख्खे प्रकरण होते. तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी माणशी वर्षाला ७६२० रुपयांचा हिशेब मांडला होता. म्हणजे महिन्याला ६३५ रुपये. त्या प्रकरणाला महात्मा गांधींशी संवादाचे रूप दिलेले होते, कारण घामाविना भाकर खाणे गांधीजींना रुचले असते का, ही शंका लिहिणाऱ्यांनाही होती.

आपल्याकडे या चर्चेत फिनलंड येते, अमेरिका येते. गोवा येत नाही. याचे मला नवल वाटते. कारण गोव्याच्या गावांत शेकडो वर्षे अशी एक पद्धत होती, जिच्यात माणसाला काम न करता, केवळ तो त्या गावचा म्हणून, दरवर्षी पैसे मिळत. तिचे नाव जोण.

नव्या पिढीला हा शब्द सांगावा लागतो म्हणून थोडक्यात सांगतो. गावची जमीन एकाची नसे, गावकरीची असे. पोर्तुगीज आले, त्यांनी तिला कोमुनिदाद म्हटले. १५२६ साली अफोंसो मेशिया याने गावकरीचे जुने रीतिरिवाज ‘फोराल’मध्ये लिहून घेतले, आणि अगदी शेवटी, मुक्तीला आठ महिने राहिले असताना, एप्रिल १९६१ मध्ये कोमुनिदादींची संहिता काढली. तीच संहिता दुरुस्त्यांसह अजून चालते. गावची शेते ठरावीक मुदतीने पावणीला काढायची, म्हणजे लिलावात द्यायची. जे उत्पन्न येईल त्यातून आधी सरकारचा भरणा करायचा, देवळाचा किंवा इगर्जीचा खर्च काढायचा, बांध-बंदिस्ती करायची. मग जे उरेल ते गावकारांमध्ये वाटायचे. ती वाटणी म्हणजे जोण. कुठे ती डोईप्रमाणे असे, कुठे वांगडाप्रमाणे. मुलगा ठरलेल्या वयाचा झाला की त्याचे नाव वहीत चढे आणि तो जोणकार होई. त्याने त्या वर्षी नांगर हातात धरला होता की नाही, हे कोणी विचारत नसे.

मग जोणीमुळे गोव्याचा गावकार आळशी झाला का? ‘सुशेगाद’ हे बिरूद आपल्याला बाहेरच्यांनी चिकटवले आहे आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी ते पक्के केले आहे, तेव्हा काही जण हो म्हणतील. पण जोण खाऊन लोक घरी बसले असते, तर मुंबईत धोबीतलावला गोवेकरांचे गावोगावचे कूड उभेच राहिले नसते. गावकारांची मुले बोटीवर गेली, पूर्व आफ्रिकेत गेली, मुंबईत शिकली आणि नोकरीला लागली. जोणीवर घर चालणे सहसा कठीणच. पण ती पायाखाली थोडी जमीन देत होती, आणि पायाखाली जमीन असली की माणूस दूर उडी मारू शकतो. माणूस उगाच उडी मारत नाही, हेही खरे. गावात पोट भरत नव्हते म्हणूनच तो गेला.

इथे जोणीची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. जोण सर्वांना नव्हती. बायकांना नव्हती. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही जो गावकार नव्हता, त्याला नव्हती. मुंडकाराला नव्हती. चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या, खाजनाच्या बांधावर मातीचे गोळे वाहणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना त्या वाटणीत एक पैसाही येत नसे. माझी आजी मुंडकाराच्या घरातली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली, कापणी केली, पावसाआधी भाटकाराच्या घराची झावळे विणली. जोण हा शब्द तिला ठाऊक होता, पण तो दुसऱ्यांच्या घरातला शब्द होता.

आणि गंमत बघा, वर्षाला बसून पैसे घेणाऱ्या जोणकाराला गावात कोणी आळशी म्हणत नसे. तो त्याचा मान होता. आजी मात्र तापाने एक दिवस पडली आणि भाटात दिसली नाही, की ‘हल्ली ही माणसे माजली’ असे शब्द यायचे. आळस हा शब्द आपल्याकडे नेहमी वरून खाली वाहत आला आहे. वरच्यांना मिळाले तर हक्क, वाटा, घराण्याचा मान. खालच्यांना मिळाले तर फुकट. आज गृह आधारवर बोलणारी मंडळी ऐकली की मला हाच उतार आठवतो.

तर मग खालच्यांना खरोखरच बिनशर्त पैसे दिले तर काय होते? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात, आपल्या मराठी माणसांच्या जुन्या इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत, ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने हा प्रयोग केला. आठ गावे आणि आणखी एक आदिवासी गाव. मिळून सुमारे ६००० माणसे. मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलाला १००. पुढे ते ३०० आणि १५० झाले. बाई असो की पुरुष, ज्याचे त्याच्या हातात, मुलांचे आईच्या हातात. अट नाही. गाय स्टँडिंग, रेनाना झाबवाला आणि सरथ दावला यांनी त्यावर पुढे पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे : लोकांनी काम सोडले नाही, उलट कामाचे प्रमाण वाढले. मात्र कामाची जात बदलली. दुसऱ्याच्या शेतातली मजुरी काहींनी कमी केली आणि स्वतःच्या तुकड्यात जास्त राबू लागले. कोणी बी-बियाणे घेतले, कोणी शेळ्या-कोंबड्या घेतल्या. मुलांची मजुरी कमी झाली. दारूवरचा खर्च वाढेल ही भीती होती, तीही खरी ठरली नाही.

ज्याच्या शेतात मजूर येईनासा झाला, त्या शेतमालकाला विचारा. तो म्हणेल, लोक आळशी झाले. त्याच्या बांधावरून तसेच दिसणार. मजूर पलीकडे आपल्या बांधावर वाकलेला आहे, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

आमच्या वाड्यावरच्या एका काकीचे असेच झाले. ती दोन घरी भांडी घासायची. त्यातल्या एका घरी खाडा झाला की पगार कापायचे, आणि सणासुदीला पाहुणे आले की जास्तीच्या भांड्यांचे काही द्यायचे नाहीत. गृह आधारचे पैसे नियमित यायला लागल्यावर दोन वर्षांनी तिने ते घर सोडले. त्या घरची बाई मला वाटेत भेटली की हमखास सांगते, “तुमच्या काकीला सरकारने बसून खायला शिकवले.” इकडे काकी सुगी झाली की तळीकाठच्या तुकड्यात तांबडी भाजी, मुळा, मिरची लावते. पहाटे चारला उठून जुड्या बांधते आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन बसते. मी तिला एकदा विचारले, ‘काकी, भांड्यांपेक्षा यात कष्ट कमी आहेत का?’ ती हसली. म्हणाली, “कश्ट चड आसात रे पुता. पूण आतां म्हाका ना म्हणूंक जाता.”

ना म्हणता येणे. मला वाटते या सगळ्या वादाचा जीव तेवढ्यात आहे. पंधराशे रुपयांत महिना निघत नाही, पण वाईट कामाला, अपमानाच्या कामाला, चार दिवस ना म्हणायला तेवढे पुरतात. म्हणूनच ज्यांना स्वस्तात कामाला माणूस लागतो त्यांना ते जास्त खुपतात.

आता दुसरी बाजूही बघू. फिनलंडने २०१७ आणि २०१८ मध्ये २००० बेकारांना महिन्याला ५६० युरो दिले. नोकरी मिळाली तरी ते बंद होणार नव्हते. इतर बेकारांच्या तुलनेत त्यांनी वर्षात सरासरी सहा दिवस जास्त काम केले. ही वाढ किरकोळ म्हणावी अशी, पण घट नक्कीच नाही. अलास्कात १९८२ पासून तेलाच्या पैशातला वाटा दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला मिळतो. तिथे अभ्यासकांना एकूण रोजगार घटलेला दिसला नाही, अर्धवेळ काम मात्र थोडे वाढले. पण २०२४ साली अमेरिकेत टेक्सास आणि इलिनॉयमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तिथे १००० गरीब माणसांना तीन वर्षे महिन्याला १००० डॉलर दिले होते. त्यांच्यात काम करणाऱ्यांचे प्रमाण दोन टक्क्यांनी उतरले आणि आठवड्याला सव्वा तासाच्या आसपास काम कमी झाले. म्हणजे कोणीच थोडेसुद्धा काम कमी करत नाही, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्कम मोठी असेल, तर माणूस थोडी उसंत घेतो. आठवड्यातून सव्वा तास. बाजारात चहा पिऊन परत येईपर्यंतचा वेळ. याला समाज बुडणे म्हणायचे की गरिबाने एकदाचा दम खाणे म्हणायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

काही जण म्हणतात, पैसे द्या, पण काम करवून द्या. हा विचार आपल्या मराठी मुलखाने देशाला दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, तिच्यामागे वि. स. पागे होते. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ चा देशव्यापी कायदाही त्याच वाटेने आला. काम मागणाऱ्याला काम हा मोठाच हक्क आहे. पण ज्या बाईच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, ती खडी फोडायला कशी जाणार? तिचे दिवसभराचे काम कुठल्या हजेरीपटावर चढते? काम म्हणजे मुकादमाला दिसते तेवढेच, असे धरले की निम्मे गाव आळशी ठरते. त्या दृष्टीने ‘गृह आधार’ हे नाव ज्याला सुचले त्याला दाद द्यावी लागेल. घराला आधार बाईचा असतो.

मी स्वतः सरकारी कारकून. तेव्हा ठरलेल्या तारखेला ठरलेले पैसे मिळाले की माणूस काम करतो की नाही, यावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे. आमच्यासारख्यांना काम कमी झाले म्हणून पगार कमी होत नाही, जास्त झाले म्हणून वाढत नाही. जानेवारी-जुलैत महागाई भत्ता मात्र वाढतो. ‘लोकांना फुकट खायची सवय लागली’ हे सगळ्यात मोठ्या आवाजात आमच्यातच कोणी म्हणते, तेव्हा मला हसू येते. एकाच श्रेणीचे, एकाच पगाराचे दोन कारकून शेजारी बसतात. एकाचे टेबल संध्याकाळी स्वच्छ असते. दुसऱ्याच्या टेबलावरच्या फायलींना धूळ बसलेली असते. पैसा दोघांना सारखाच मिळतो, तेव्हा हा फरक पैशाने पडलेला नाही. मी इतक्या वर्षांत पाहिले आहे ते एवढेच की खिडकीवर बसणारा, जिच्यासाठी कागद करायचा ती विधवा बाई ज्याला समोर उभी दिसते तो, सहसा काम करतो. मागच्या खोलीत, फाईल कुठून आली आणि कुठे जाणार हे ज्याला कळत नाही, तो हळूहळू सुकतो. आपल्या हातून काही होते आणि त्याचे कोणाला तरी पडले आहे, एवढे माणसाला दिसावे लागते.

आणि मग मला पुन्हा बांध आठवतो. गोव्याची खाजन शेती ही समुद्राशी रोजची झटापट. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे गोडे पाणी ओहोटीला मानसीच्या दारांतून बाहेर सोडायचे. बांधाला खेकड्याने एवढेसे भोक पाडले आणि ते वेळेवर बुजवले नाही, तर अख्खे शेत खारे होते. म्हणून गावकरीत बांधाचा खर्च आधी आणि जोण नंतर. बांध फुटला तर त्या वर्षी वाटायला काही उरणारच नाही, हे जोणकाराला ठाऊक असे. त्याचा वाटा आणि गावाचा बांध एकमेकांना बांधलेले होते.

पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात १९६४ चा कूळ कायदा आला आणि खंड उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आला. शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा झाला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळ मालक ठरला. माझ्या आजीच्या पिढीला ताठ उभे राहता आले ते या कायद्यांनी, आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण कोमुनिदादीचे शेतीचे उत्पन्न आटले, जोण नावापुरती उरली, आणि बांध कोणी बघायचा हा प्रश्न कोमुनिदाद आणि कुळांच्या संघटना यांच्यामध्ये लोंबकळत राहिला. अनेक गावांत बांध फुटले, खाजने खारी झाली, शेते पडीक पडली. आज आपण पडीक शेताकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, योजनांनी लोक आळशी केले. पण ही शेते पडीक पडायला २०१२ च्या कितीतरी आधीपासून सुरुवात झाली होती. बांधाशी माणसाचे नाते तुटले, शेतीत पैसा उरला नाही, जमिनीला भातापेक्षा प्लॉट म्हणून जास्त भाव आला. यात पंधराशे रुपयांचा दोष कितीसा?

‘पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांवर होती. प्रत्येकाला महिन्याला १५०० म्हटले तरी वर्षाला सुमारे २६०० कोटी लागतात. राज्याचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सुमारे २६ हजार ७०० कोटींचे होते, म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. हे पेलायला सोपे नाही. पण एका पैशाबद्दल मला राहून राहून वाटते, तो खाणीचा. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या किमतीचे दहा टक्के गोव्याच्या कायमस्वरूपी निधीत जमा करावेत. पुढच्या पिढ्यांसाठी. ‘गोंयची माती’ चळवळीचे लोक त्यापुढे जाऊन म्हणतात, खनिज सर्वांचे, तर त्याच्या निधीतला लाभांश प्रत्येक गोवेकराला सारखा मिळावा. मी हे वाचले तेव्हा मनात म्हटले, ही तर जोण! फक्त या वेळी वहीत बायकांचीही नावे असतील, आणि मुंडकाराच्या घरातलीही.

जुन्या जोणीत शिकण्यासारखे आहे ते हेच. ती कोणी दिलेली भीक नव्हती, वाटा होता. भीक घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते आणि देणाऱ्याच्या पुढच्या निवडणुकीची वाट बघावी लागते. वाटा घेणारा हिशेब विचारतो, बांधावर फेरी मारतो, कुठे भोक पडले ते दाखवतो. आज आपण देतो ते भिकेच्या भाषेत देतो, आणि मग घेणारा वाटेकऱ्यासारखा का वागत नाही म्हणून रागावतो.

लोकांना पैसे दिले तर ते काम करतील का, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, करतील. कदाचित तुमचे करणार नाहीत, आपले करतील. पण पैशाबरोबर बांधही त्यांच्या हाती द्यावा लागेल, आणि बांधाचा खर्च वाटणीच्या आधी काढावा लागेल. आमच्या गावकऱ्यांनी ही रीत आधीच घालून दिली होती. फक्त वही अपुरी होती. माझ्या आजीचे नाव तिच्यात नव्हते.